चार बोटांची पायरी

आगशीला घर बांधायला घेतलं तेव्हा
चिऱ्यांचा पहिला ट्रक उतरवून घेताना
रेमेद्यु मेस्त म्हणाला, पायऱ्या मी माझ्या मापाने घालीन.
माप म्हणजे त्याच्या उजव्या हाताची चार बोटं,
आडवी धरलेली. अंगठा नाही.

मी म्हटलं, तीन पायऱ्यांचं काम, तुला सात लागतील.
जास्तीचे चिरे कोण देणार?
त्याने विडी विझवली, कानावर ठेवली
आणि आबादानला निघाला.

अकरा वर्षं होता तिथे, तेलाच्या कंपनीत,
साहेबांच्या बंगल्यांना विटा लावत.
एका नाताळच्या सुट्टीत पगार खिशात घालून
शिराजची बस धरली, पुढे ट्रकच्या टपावर,
कारण कुणीतरी सांगितलं होतं
की डोंगराला टेकून एक दगडी ओटा आहे
आणि ओट्यावर राजाचं नगर, छप्पर नसलेलं.

तख्त-ए-जमशेद. तो 'तखत जमशेत' म्हणायचा,
पलीकडच्या वाड्यावरचं नाव असल्यासारखं.

एकशे अकरा पायऱ्या,
आणि गुडघ्याला एकही कळत नाही.
झगे घातलेले सरदार बोलत बोलत चढायचे,
कुणाची धाप ऐकू यायची नाही.
बहात्तर खांबांतले तेरा उभे.
बाकीच्यांच्या नुसत्या बैठका, जात्याच्या तळीसारख्या.
चुना? छे. दगडावर दगड घासून बसवलेला,
सांध्यात लोखंडाचा आकडा, वर शिसं ओतलेलं.
चोरांनी ते लोखंडही खणून नेलं.
भोकं राहिली, दात काढलेल्या हिरड्यांसारखी.
भिंत हलली नाही.

हे सांगताना तो आमच्या गाऱ्याकडे बघायचा.

आणि जिन्याच्या अंगाला कोरलेली माणसं,
कुठल्या कुठल्या मुलखांची, नजराणे घेऊन निघालेली.
त्यात एकजण उघडा, अनवाणी, धोतर नेसलेला,
खांद्यावर कावड, मागे गाढव.
"आमचोच मनीस," मेस्त म्हणायचा.
अडीच हजार वर्षं त्याने कावड उतरवलेली नाही.
मेस्तने त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला होता.
दगड गार होता, डिसेंबरचा.

ओहोटीला इथे झुआरीच्या चिखलात
जुन्या बंदराची भिंत उघडी पडते, कदंबांच्या वेळची,
काळे पडलेले चिरे, कालवं चिकटलेली.
रविवारी रेमेद्यु तिच्यावर बसून गरी टाकायचा.
मी म्हटलं, इथेच उतरायचे म्हणे इराणातले घोडे.
त्याला घोड्यांचं काही नव्हतं.
तो सांधे बघत होता.

पुढे पणजीच्या ग्रंथालयात वाचलं मी ते नगर.
मेजवानीच्या रात्री जळालं, देवदाराच्या छतासकट.
मातीच्या वड्या तेवढ्या उरल्या, हिशेबाच्या:
इतक्या पाथरवटांना इतकं धान्य, इतकी दारू,
बाळंतिणीला वेगळा वाटा,
मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.
तेव्हाही.
पण दिलेलं सगळं लिहिलेलं, मापासकट.

माझीही एक वही आहे.
चिरे, सहाशे चाळीस. रेती, दोन होड्या.
फेणीची बाटली, एक, पायाभरणीला.
रेमेद्यु, शनिवार, दिले.
रेमेद्यु, शनिवार, दिले.
आणि शेवटी, माझ्याच अक्षरात,
रेमेद्यु, आठ दिवस, बाकी.

पैसे नव्हते असं नाही.
पायऱ्यांना जास्त चिरे गेले, म्हणून अडवून धरले होते.
तोही मागायला आला नाही.
वास्कोला लेकीकडे गेला, आणि मी म्हणत राहिलो,
पुढच्या फेस्ताला देऊ. किती फेस्तं झाली.
मग एक दिवस चर्चची घंटा वाजली ती त्याची होती.

आता माझं वय त्याच्याएवढं.
डॉक्टरने जिने टाळायला सांगितलेत.
संध्याकाळी मी सातही पायऱ्या उतरतो, परत चढतो,
बोलत बोलत, कुणाशी तरी.
गुडघ्याला एकही कळत नाही.

वही कपाटात आहे.
तिला वाळवीही लागत नाही.